लातूरमधील एका चित्रपट मंडळाची रविवारची मालिका : नागराज मंजुळे यांचे तीन चित्रपट आणि त्यांवरील चर्चा

लातूरमध्ये बार्शी रस्त्यालगत एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात एक छोटे चित्रपट मंडळ रविवारी चित्रपट दाखवते आणि त्यानंतर प्रेक्षकांमध्ये चर्चा घडवून आणते. तिकीट शंभर रुपयांचे असून विद्यार्थ्यांसाठी ते निम्मे आहे. मंडळाची नुकतीच झालेली मालिका नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि ‘झुंड’ या तीन चित्रपटांची होती, आणि त्यांतील सर्वोत्तम कोणता व सर्वांत फसलेला कोणता, हा प्रश्न पहिल्याच दिवशी प्रेक्षकांपुढे ठेवण्यात आला होता. असा वाद मराठवाड्यात चहाच्या टपरीवरही रोज होतो. त्यासाठी पैसे मोजून सभागृहात का यावे, याचे उत्तर या मंडळाने चांगले दिले आहे.

सूत्रसंचालकांचा नियम एकच होता : चित्रपट चांगला किंवा वाईट म्हणण्यापूर्वी त्यातील एक प्रसंग सांगायचा. या नियमामुळे ‘सैराट’ने किती कोटी मिळवले, पुरस्कार कोणाला मिळाले, ही नेहमीची भाषणे आपोआप बंद झाली आणि पडद्यावर नुकतेच पाहिलेले बोलले जाऊ लागले. ‘फँड्री’च्या दिवशी एका ज्येष्ठ शिक्षकांनी राष्ट्रगीताचा प्रसंग सांगितला. डुकरामागे धावणारा या चित्रपटाचा शाळकरी नायक जब्या शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच सावधान उभा राहतो, त्याचे घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटते. त्या शिक्षकांचे म्हणणे असे होते की दिग्दर्शकाने येथे कोणालाही खलनायक केलेले नाही. शाळेने शिकवलेली शिस्त जब्या मनापासून पाळतो आणि त्याची किंमतही तोच मोजतो. त्यानंतर मेलेले डुक्कर वाहून नेणाऱ्या कुटुंबामागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर आणि गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात, त्या दृश्यावर बराच वेळ बोलणे झाले. ती चौकट फार उघड आहे, असा आक्षेप एका तरुणाने घेतला. मला तो पटला नाही, कारण अशा भिंती आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आहेत आणि दिग्दर्शकाने त्या रचलेल्या नाहीत, फक्त कॅमेरा योग्य जागी ठेवला आहे. तिन्ही चित्रपटांत मी ‘फँड्री’लाच पहिले स्थान देतो, त्यात एकही प्रसंग वाढीव नाही.

या दिवशीची एक त्रुटी मात्र नोंदवली पाहिजे. जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो आणि पडदा काळा होतो. त्या क्षणी सभागृहातील दिवे लगेच लावण्यात आले. तो काळोख हा चित्रपटाचाच भाग आहे, आणि तो प्रेक्षकाला पुरता मिळायला हवा होता. दुपारी पडद्यावर उजेड पडतो, हीसुद्धा अडचण आहे. खिडक्यांना जाड पडदे लावल्याशिवाय ती सुटणार नाही.

‘सैराट’च्या वेळी हीच मंडळी अधिक सावध होती. शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शकाने आवाज काढून घेतला आहे आणि रक्तात भिजलेल्या लहान पावलांचे ठसे नि:शब्द उमटत जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय सभागृहात बसणे अशक्य असते आणि त्याची घरघर ही शांतता सहज गिळून टाकू शकते. आयोजकांनी त्या प्रसंगाच्या थोडे आधी कूलर बंद केले. घामाने भिजलेल्या प्रेक्षकांपैकी कोणीही तक्रार केली नाही. ही काळजी मला या सेवेतील सर्वांत मोलाची वाटते. मोबाइलवर गाणी पुढे ढकलत ‘सैराट’ पाहिलेल्या अनेक मुलांना तो शेवट त्या दिवशी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने भेटला.

पूर्वार्ध लांबला आहे, गाण्यांनी चित्रपट सैल केला आहे, असे मत अनेकांनी मांडले. माझे मत उलट आहे. करमाळ्याकडची शिवारे, विहीर आणि अजय-अतुल यांचे संगीत यांत प्रेक्षक पुरेसा रमला नाही, तर पळून गेलेल्या आर्ची आणि परशा या प्रेमी जोडप्याचे हैदराबादमधील खोपटे त्याला खुपणार नाही. एका विद्यार्थिनीने सांगितले की तिच्या गावातून कामासाठी हैदराबादला गेलेली कुटुंबे तिने पाहिली आहेत, आणि म्हणून तिला उत्तरार्धच खरा चित्रपट वाटतो. तीन तासांच्या या चित्रपटानंतर चर्चेला जेमतेम अर्धा तास उरला, कारण वसतिगृहांची दारे बंद होण्याची वेळ झाली होती. लातूरमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना प्रेक्षक म्हणून बोलवायचे असेल, तर असा खेळ दुपारी तीनला सुरू झाला पाहिजे.

2022 मधील ‘झुंड’ बहुमताने सर्वांत फसलेला ठरला. मीही त्याला तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो : नागपुरातील वस्तीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा पहिला भाग जितका जिवंत आहे, तितका उत्तरार्ध नाही, आणि अमिताभ बच्चन यांच्या भाषणांवर तेथे नको इतका भार पडतो. परंतु ‘फसलेला’ हा शब्द मला मान्य नाही. पासपोर्टसाठी कागद गोळा करत फिरणाऱ्या मुलीचा आणि तिच्या वडिलांचा प्रसंग निघाला, तेव्हा जात पडताळणी आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी स्वतः तहसीलच्या खेपा घातलेली मुले बोलू लागली. त्यानंतर काही जणांनी आपले मत बदलल्याचे उघडपणे सांगितले. मालिकेतील सर्वांत सकस चर्चा याच चित्रपटाची झाली.

ध्वनी स्वच्छ आहे. लिहिण्याच्या फळीच्या खुर्च्या मात्र तीन तास बसण्यासाठी त्रासदायक आहेत. चर्चेच्या वेळी ध्वनिक्षेपक पुढच्या दोन रांगांत फिरत राहतो आणि मागे बसलेल्या मुलींपर्यंत उशिरा पोहोचतो. तो मागून पुढे फिरवण्याचा प्रयोग करून पाहावा. ‘पिस्तुल्या’ आणि ‘पावसाचा निबंध’ हे लघुपट मालिकेत नव्हते, ही मोठी उणीव आहे. ‘पिस्तुल्या’तील सूरज पवार पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्येही दिसतो, त्याला तेथून पाहत आले असते, तर दिग्दर्शक आपल्या मुलांना कसा वाढवतो यावरही बोलता आले असते.

मंडळाने पुढच्या मालिकेसाठी सूचना मागवल्या आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट घ्यावेत आणि सुरुवात 1995 च्या ‘दोघी’ने करावी, असे मी लिहून दिले आहे. जाणाऱ्यांनी तिसऱ्या किंवा चौथ्या रांगेत, कूलरपासून दूर बसावे आणि चर्चा संपेपर्यंत थांबता येईल अशाच दिवशी तिकीट काढावे.