यूएचएफ रिपीटर आणि वॉकीटॉकी: सोलापुरात आठ महिने वापरल्यावर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादरीचा कारखाना, होटगी रोडचं गोदाम आणि मधे फेऱ्या मारणारे टेम्पो, एवढ्यासाठी यूएचएफ बँडवरचा 25 वॅटचा रिपीटर (सेटचा आवाज उंचावरून पकडून पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) आणि 4 वॅटचे नऊ वॉकीटॉकी सेट. सगळं परवान्यावर. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झची बिनपरवाना पट्टी कमी ताकदीच्या सेटसाठी आहे, रिपीटरसाठी नाही.

चॅनल बदलला की आवाज लांब जातो, हा समज आधी सोडा. एक ते सोळा, सगळे चॅनल एकाच बँडमधले, रेंज तीच. खरा फरक थेट चॅनल (सेटवरून सरळ सेटवर) आणि रिपीटर चॅनल यांच्यात आहे. थेट बोलताना लूमच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज किलोमीटरभरातच तुटायचा. रिपीटर चॅनलवर सेट एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि आमच्या जोडीत 5 मेगाहर्ट्झ लांबच्या दुसरीवर ऐकतो. टोन, म्हणजे रिपीटरला ओळख पटवणारा आवाजासोबतचा बारीक सूर, चुकीचा भरला असेल तर सेटचा लाल दिवा लागतो, पण रिपीटर उठतच नाही.

सगळा खेळ उंचीचा. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले 4.12, म्हणजे किलोमीटरमध्ये रेडिओचं क्षितिज, लहरी सरळ जाऊ शकतात ते अंतर. 25 मीटरवरच्या अँटेनाचं साधारण 20, हातातल्या सेटचं 5. इमारती आणि पत्रे यातून बरंच खातात.

सुरुवातीला गच्चीपर्यंत 20 मीटर आरजी-58 केबल टाकली होती. ही मोठी चूक. या फ्रिक्वेन्सीला ती साडेसहा डेसिबल खाते. 25 वॅटचे वर जेमतेम साडेपाच पोहोचतात, आणि येणारा क्षीण आवाजही तितकाच मरतो. एलएमआर-400 ही कमी खाणारी जाड केबल टाकल्यावर गोदामातून बोललेलं स्पष्ट यायला लागलं. ‘आम्हाला ऐकू येतं, पण आमचं पोहोचत नाही’ अशी तक्रार आली तर रिपीटरचे वॅट वाढवून काहीच होत नाही. केबल, अँटेना आणि डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) तपासा. डुप्लेक्सरचं ट्यूनिंग सरकलं की रिपीटरचा स्वतःचा आवाज त्याच्याच रिसीव्हरला बहिरा करतो. लांबचा सेट दोन शब्द नीट येऊन मधेच खरखरतो.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या खोलीत रिपीटर हात लावू देत नव्हता. पंखा बसवला, ताकद 15 वॅटवर आणली. सव्वादोन डेसिबलचा फरक, कुणाला कळलाही नाही. जूनच्या पावसाआधी वरच्या कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग रबर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी पदरात शिरत नाही.

नव्या माणसाला एवढंच शिकवा: बटण दाबून एक सेकंद थांब, मग बोल. नाहीतर ‘गाडी नको पाठवू’ मधला पहिला शब्द कापला जातो. लाइट गेली आणि रिपीटरची बॅटरीही उतरली, तर सगळ्यांनी सोळा नंबरच्या थेट चॅनलवर यायचं, हे आधीच ठरवून ठेवा.