आठ महिन्यांच्या वापरानंतर: परदेश प्रवासाचा वार्षिक विमा

ज्या पॉलिसीबद्दल हे लिहिलं आहे ती वर्षभराची, अनेक प्रवासांची आहे. आठ महिन्यांत तिचा जवळजवळ प्रत्येक भाग वापरून झाला: दवाखान्याचं बिल, उशिरा आलेली बॅग, चुकलेलं पुढचं विमान. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातल्या बहुतेक गोष्टी कुठल्याही कंपनीच्या पॉलिसीला लागू पडतात. परदेशी जाताना विमा घ्यावा का, या प्रश्नाला आमचं उत्तर निःसंशय 'हो' असं आहे. मात्र तो कधी घेतला आणि घेतल्यावर वाचला का, यावर त्याचा अर्धा उपयोग ठरतो.

सुरुवात तारखेपासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. ऑनलाइन अर्जात 'पॉलिसी कधीपासून हवी' असा रकाना असतो. बहुतेक लोक तिथे विमान सुटण्याची तारीख टाकतात, आणि ते वरवर पाहता बरोबरही वाटतं. पण वार्षिक पॉलिसीत प्रवास रद्द झाल्याची भरपाई पॉलिसी सुरू झालेल्या दिवसापासूनच मिळते. तिकीट जानेवारीत काढलं, पॉलिसी मेपासून सुरू केली आणि मार्चमध्ये घरात कुणाचं मोठं ऑपरेशन निघालं, तर हॉटेल आणि तिकिटाचे पैसे गेलेच म्हणून समजा. एका प्रवासाच्या पॉलिसीत रद्द होण्याचं संरक्षण सहसा खरेदीपासून आणि उपचारांचं संरक्षण देश सोडल्यापासून चालू होतं. वार्षिक पॉलिसीत मात्र दोन्ही एकाच तारखेला बांधलेली असतात. म्हणून पहिलं न परतणारं पेमेंट ज्या दिवशी होईल, त्याच दिवसापासून पॉलिसी चालू करावी.

लवकर घेण्याला दुसरंही कारण आहे. जे संकट जाहीर झालं आहे, ते विम्याच्या भाषेत 'आधीपासून माहीत असलेली घटना' होतं. वादळाला नाव मिळाल्यावर किंवा संपाची तारीख जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीतून त्या वादळाचे, त्या संपाचे पैसे मिळत नाहीत. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या एय्याफ्यालायोकुल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपभरची विमानं कित्येक दिवस जमिनीवर होती. तेव्हा 'खराब हवामान' या शब्दांत राख बसते का, यावरच अनेक क्लेम अडकले. त्यामुळे रद्द होण्याची कारणं पॉलिसीत यादी करून दिली आहेत का, हे बघा. यादी असेल तर तिच्याबाहेरचं कारण कितीही खरं असलं तरी त्याचे पैसे मिळत नाहीत.

आता उपचारांचा भाग. विमा मुळात यासाठीच घ्यायचा, बाकी सगळं जोडीला. इथे दोन रस्ते आहेत. ताप, पोट बिघडणं, टाके घालणं अशा दाखल न होता घेतलेल्या उपचारांत जवळपास नेहमी आपणच पैसे भरायचे आणि नंतर क्लेम करायचा. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम, वजा होते. बिल तिच्यापेक्षा थोडंच जास्त असेल, तर कागद जमवण्याचा खटाटोप करावा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दाखल व्हायची वेळ आली की रस्ता बदलतो. सर्वांत आधी पॉलिसीवरच्या मदत केंद्राला फोन करायचा. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधी किंवा 24 तासांत कळवण्याची अट असते. पलीकडचा माणूस पॉलिसी नंबर, पासपोर्टवरचं नाव, देश सोडल्याची तारीख, दवाखान्याच्या बिलिंग विभागाचा नंबर आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव विचारतो. मग रुग्णाची माहिती विमा कंपनीला देण्यासाठी संमतीपत्र येतं. ते सही करून गेल्याशिवाय दवाखाना एक ओळही कळवत नाही. कागद पोचले की कंपनीचे डॉक्टर ते पाहतात आणि पैसे देण्याची हमी देणारं पत्र दवाखान्याला जातं. हे काही मिनिटांत होत नाही, तास जातात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी बिलिंगचं टेबल बंद असेल तर सकाळच उजाडते. तोवर दवाखाना कार्डावर अनामत मागू शकतो. 'कॅशलेस' या शब्दावर विसंबून रिकामं कार्ड घेऊन जाऊ नये.

या टप्प्यावर एक बारीक गोष्ट फार महाग पडते. तपासताना डॉक्टर विचारतात, 'हे कधीपासून?' घाईत आणि परक्या भाषेत उत्तर जातं, 'असं अधूनमधून होतंच.' ते तसंच केस पेपरवर उतरतं, आणि क्लेम तपासणारा माणूस सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो. झालं, आजार जुना ठरला. काहीही लपवू नका, पण नेमकं सांगा: ही तक्रार कोणत्या दिवशी सुरू झाली, पूर्वीची कोणती होती, ती याच्याशी जोडलेली आहे का. डिस्चार्जच्या कागदावर तारखा बरोबर आहेत ना, हे तिथून निघण्यापूर्वीच वाचून घ्या. परत आल्यावर दुरुस्ती करून घेणं जवळपास अशक्य असतं.

रक्तदाब, मधुमेह, दमा असलेल्यांनी अर्जातच ते नोंदवावं. हप्ता वाढेल, वाढू द्या. न सांगितलेला आजार नंतर उघड झाला तर त्याच्याशी संबंध नसलेला क्लेमही अडवला जातो, कारण मग सगळा अर्जच खोटा ठरवता येतो. 'स्थिर' या शब्दाची व्याख्याही पॉलिसीत शोधा. ठरलेल्या काळात गोळीचा डोस बदलला असेल तर काही कंपन्या आजार स्थिर मानत नाहीत, मग डोस कमी झाला असला तरी!

विमा रक्कम किती असावी? शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमावलीनं किमान 30,000 युरोचं संरक्षण सांगितलं आहे. त्यात तातडीचे उपचार, दवाखान्यात दाखल होणं आणि मायदेशी परत आणणं, मृत्यू झाल्यास पार्थिव आणणंही, आलं पाहिजे. अनेकजण हाच आकडा पुरेसा धरून चालतात. ती व्हिसाची पायरी आहे, गरजेचं माप नव्हे. अतिदक्षता विभागातले काही दिवस आणि वर परतीची वैद्यकीय व्यवस्था एवढ्यात तो आकडा संपू शकतो. स्ट्रेचरवरच्या रुग्णाला साध्या प्रवासी विमानानं आणायचं तर सीटांच्या ओळी दुमडून जागा करावी लागते, तितक्या सगळ्या सीटांचं भाडं लागतं, सोबत डॉक्टर किंवा नर्स हवी आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म मंजूर व्हावा लागतो. स्वतंत्र एअर अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च तर त्याहून कितीतरी मोठा. अमेरिकेला जाणार असाल तर स्वस्त दिसणारी 'अमेरिका-कॅनडा वगळून' पॉलिसी चुकून घेतलेली नाही ना, हे पाहा. अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा असेल तर अर्जात फक्त पहिल्या प्रवासाचा विमा दाखवावा लागतो. पुढच्या प्रत्येक वेळी तो असण्याची जबाबदारी आपली.

बॅगेचा अनुभव चांगला म्हणावा असा, कारण कागद जागेवर झाले. बेल्ट थांबला आणि बॅग आली नाही की कस्टम ओलांडून बाहेर पडू नका. तिथल्याच बॅगेज काउंटरवर 'पीआयआर', म्हणजे बॅग न मिळाल्याची अधिकृत तक्रार, नोंदवून घ्या. त्या कागदावर दहा खुणांचा क्रमांक असतो: तीन अक्षरं विमानतळाची, दोन विमान कंपनीची, पुढे पाच आकडे. हा क्रमांक नसेल तर क्लेम उभाच राहत नाही. विमा ठरावीक तासांनंतरच लागू होतो, पॉलिसीनुसार सहा, आठ किंवा बारा. त्यानंतर घेतलेल्या गरजेच्या वस्तूंची वेळ छापलेली पावती हवी. बॅग हाती आल्यावर घेतलेला शर्ट धरत नाहीत. बॅग कधी मिळाली याची पोचही जपा.

विमान कंपनीवरचा हक्क याहून वेगळा आहे आणि तो सोडू नये. 1999 च्या माँट्रियल करारानुसार सामानाचं नुकसान झाल्यास 7 दिवसांत आणि सामान उशिरा मिळाल्यास ते मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. 28 डिसेंबर 2024 पासून विमान कंपनीची ही जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. विमा कंपनी बहुधा आधी तिकडचं उत्तर मागते आणि उरलेलं देते. लॅपटॉप, दागिने, रोकड चेक-इन बॅगेत असतील तर जवळपास सगळ्या पॉलिसी हात वर करतात.

अर्धवट राहिलेला क्लेम चुकलेल्या जोडविमानाचा. दोन तिकिटं वेगवेगळी काढून मध्ये स्वतः बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचं, हा स्वस्त मार्ग हल्ली सर्रास वापरतात. पण पॉलिसीत 'जोडविमान' म्हणजे एकाच बुकिंगमधलं, अशी व्याख्या होती. ती पान 31 वर होती, माहितीपत्रकात नव्हती. म्हणून माहितीपत्रक नव्हे, पॉलिसीची पूर्ण शब्दरचना वाचावी. आणि विशेषतः व्याख्या, कारण विम्यात नेहमीच्या शब्दांना वेगळे अर्थ असतात.

भाड्याच्या स्कूटरचा अपघात ही अनेकांना अनपेक्षित गोष्ट. लायसन्स दुचाकीचं नसेल, त्या देशात चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, हेल्मेट नसेल किंवा रक्तात मद्य सापडलं, तर यातलं एक कारणही उपचारांचा क्लेम फेटाळायला पुरतं. चारचाकीचा परवाना स्कूटरला चालत नाही, दुकानदारानं कागद न बघता किल्ली दिली तरीही. ट्रेकिंगला उंचीची आणि स्कूबाला खोलीची मर्यादा असते; ती मीटरमध्ये लिहिलेली असते, ठिकाणाच्या नावानं नाही.

तक्रारी दोन. दिलेला टोल-फ्री नंबर परदेशी सिमवरून लागत नाही. देशाच्या कोडसह साधा नंबर पीडीएफच्या आत होता. अ‍ॅप इंटरनेटशिवाय उघडत नाही. उपाय म्हणजे पॉलिसीचं पहिलं पान आणि तो नंबर फोनमध्ये फोटो म्हणून आणि कागदावरही ठेवणं, सोबतच्या माणसाकडेही एक प्रत. बोर्डिंग पास फेकू नका. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांच्या जागी डिजिटल नोंद येऊ लागली, त्यामुळे पासपोर्टवर प्रवासाच्या तारखा दिसतीलच असं नाही, आणि क्लेमला त्या लागतात.

वार्षिक पॉलिसीत प्रत्येक प्रवासाला दिवसांची मर्यादा असते, 30, 45 किंवा 60. मुक्काम लांबणार असेल तर ती संपण्याआधी मुदतवाढ मागावी लागते. पॉलिसीचं वर्ष प्रवासाच्या मधोमध संपत असेल तर अधिक जपा. नूतनीकरण बहुतेक ठिकाणी नवी पॉलिसी धरतात, आणि जुन्या पॉलिसीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालेलं दुखणं नव्या पॉलिसीत 'पूर्वीपासूनचं' ठरतं. अशा वेळी निघण्यापूर्वीच कंपनीकडून सलग संरक्षणाचं ईमेल लेखी मागून घ्यावं.