यामाहा टीएचआर१०-टू: टॅबलेटवर गाणं लावून गिटार वाजवणाऱ्यांसाठी

घरच्या रियाजासाठी अँप (गिटारचा अँप्लिफायर) घेताना लोक वॉट आणि इफेक्टची यादी बघतात. टॅबलेटवर गाणं किंवा मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं अ‍ॅप) लावून वाजवायचं असेल तर त्याआधी एक गोष्ट बघावी: बाहेरून येणाऱ्या आवाजाला स्वतंत्र नॉब आहे का? टीएचआर१०-टूवर 'गिटार' आणि 'ऑडिओ' असे दोन वेगळे नॉब आहेत. हे अँप घ्यायचं ते मुख्यतः या दोन नॉबसाठी.

बॉस कटाना मिनी हे ७ वॉटचं अँप गुणी आहे, पण त्याच्या ऑक्स इनला, म्हणजे बाहेरचं गाणं तारेने आत घ्यायच्या जॅकला, नॉब नाही. गाण्याचा आवाज टॅबलेटच्या बटणांनीच जुळवावा लागतो. बटणं टप्प्याटप्प्याने सरकतात. एक टप्पा कमी पडतो, पुढचा जास्त होतो. गिटारवरचाच व्हॉल्यूम उतरवला तर डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) कमी होतं आणि बऱ्याच गिटारींत ट्रेबलही मंदावतो. पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्क या अँपवर मात्र 'म्युझिक'चा वेगळा नॉब आहे, त्यामुळे टीएचआरशी तुलना करायची तर त्याच्याशी.

टीएचआर१०-टू २० वॉटचं आहे, आत ८ सेंमीचे दोन स्पीकर. आवाज कमी करायला हात आधी 'मास्टर'कडे जातो आणि तिथेच गडबड होते. इथे 'गेन' आणि 'मास्टर' मिळून डिस्टॉर्शन किती आणि कसं ते ठरवतात. टोन न बदलता आवाज कमी-जास्त करणारा नॉब 'गिटार' हा आहे. म्हणून आधी गाणं बंद ठेवून गेन, मास्टर, बास, मिडल, ट्रेबल लावून घ्यावेत आणि मग त्यांना हात लावू नये. टॅबलेटचा व्हॉल्यूम साधारण पाऊणवर ठेवावा. तो अगदी खाली ठेवून 'ऑडिओ' पूर्ण चढवला तर ऑक्समधून सळसळ ऐकू येते. 'ऑडिओ' घड्याळातल्या बाराच्या जागेपासून सुरू करून खोलीला झेपेल एवढा करावा आणि सगळ्यात शेवटी 'गिटार' शून्यापासून वर आणावा. गाण्यातला स्नेअर ड्रम स्पष्ट ऐकू येतोय आणि गिटार त्याच्या किंचित मागे आहे, तिथे थांबावं. गिटार पुढे गेली की ताल कुठे सुटतोय ते कळत नाही.

गाण्यात मूळ गिटार असेल तर ती आणि आपली गिटार स्वरांच्या एकाच पट्ट्यात भांडतात. अशा वेळी आवाज चढवण्याऐवजी 'मिडल' थोडा हलवून बघावा.

एवढं करूनही पुढच्या व्हिडिओला तोल बिघडतो. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ खाली आणतं, हळू असलेले वर आणत नाही. यूट्यूबच्या मेन्यूतलं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की 'कंटेंट लाउडनेस' दिसतं. आकडा उणे असेल तर तो व्हिडिओ मुळातच हळू आहे. अशा वेळी फक्त 'ऑडिओ' फिरवावा. ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो, १० डेसिबलला आवाज दुप्पट वाटतो.

दिवसा लावलेला तोल रात्री चालत नाही, कारण आवाज कमी केला की कानाला बास आधी कमी ऐकू येतो. गाणं पोकळ वाटतं, गिटार टोचते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मुंबईत शेजाऱ्यांची आणि आपली भिंत एकच, त्यामुळे दहानंतर हेडफोनच बरे. जॅक ६.३५ मिमीचा असल्याने बहुतेक हेडफोनना अडॅप्टर लागेल.

घुरघुर आली तर आधी टॅबलेटचा चार्जर काढावा. अनेक दोन पिनच्या चार्जरमधून थोडा करंट गळतो आणि ऑक्सच्या तारेतून तो अँपपर्यंत पोचतो. चार्जर काढल्यावर थांबली तर टॅबलेटच्या बॅटरीवर किंवा ब्लूटूथवर वाजवावं. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, घुरघुर लवकर ओढून घेणारा भाग) असेल तर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचाही संशय घ्यावा. पंखा पूर्ण वेगावर नेऊन किंवा बंद करून बघितलं की कळतं. ऑक्सची तार मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते, फक्त दोन्ही टोकांना दोन काळ्या रेघांचा स्टिरिओ प्लग बघून घ्यावी. एक रेघ म्हणजे मोनो, त्यात गाण्याची एक बाजू गायब होते.

गाणं ब्लूटूथवरून चालतं, कारण गिटार तारेने थेट अँपमध्ये जाते आणि तिला उशीर होत नाही. ब्लूटूथ हेडफोनवर गिटार ऐकायचा हट्ट मात्र सोडावा, तिथे ती उशिरा ऐकू येते. टॅबलेट 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकावा, नाहीतर मेसेजची टिंग गाण्याच्याच आवाजात अँपमधून येते. यूएसबीने गॅरेजबँड या अ‍ॅपमध्ये रेकॉर्ड करताना गिटार दोनदा ऐकू आली तर तिथलं मॉनिटरिंग बंद करावं.

मुख्य उणीव एकच, पण खटकणारी. ऑक्स, ब्लूटूथ आणि यूएसबी तिन्हींना मिळून तो एकच 'ऑडिओ' नॉब. गाणं टॅबलेटवर आणि मेट्रोनोम फोनवर असेल तर त्या दोघांचा तोल अँपवर जमत नाही. दोन्ही एकाच टॅबलेटवर घ्यावेत तर आयपॅडवर प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा आवाज ठेवायची सोय नाही, त्यामुळे मेट्रोनोमच्या अ‍ॅपमधलीच पट्टी वापरावी लागते. सॅमसंग टॅबलेटवर साउंड असिस्टंट या अ‍ॅपने हे होतं. अँपमध्ये बॅटरी फक्त वायरलेस मॉडेलला आहे. किंमत छोट्या प्रॅक्टिस अँपपेक्षा बरीच जास्त; केवळ मेट्रोनोम लावून वाजवणाऱ्याला कटाना मिनी पुरेल.

मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत ऐकायला जाताना स्वतःची गिटार आणि टॅबलेट न्यावा. एक नवं, एक जुनं हळू रेकॉर्ड झालेलं गाणं लावावं आणि विक्रेत्याने आवाज चढवला तरी घरात जेवढा ठेवता येईल तेवढ्यावरच ऐकावं.