बारावी सायन्सनंतर अर्थशास्त्राची तयारी: ‘द इकॉनॉमी’ काही महिने वापरून

बारावी सायन्स करून बीएला अर्थशास्त्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा मागणी-पुरवठा हे दोन शब्द सोडले तर पाटी कोरी होती. परीक्षा संपल्यापासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत दोन फुकट पुस्तकं वापरली: बालभारतीचं बारावीचं अर्थशास्त्र (मराठी पीडीएफ मिळते) आणि कोअर या प्रकल्पाचं ‘द इकॉनॉमी’ हे ऑनलाइन इंग्रजी पुस्तक, तेही जुनी २२ प्रकरणांची आवृत्ती.

बालभारतीचं आधी वाचावं. छोटं आहे, उपयोगिता, लवचिकता, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न हे शब्द डोक्यात बसतात, आणि नाणेबाजारापासून परकीय व्यापारापर्यंत सगळं भारतातलं आहे. फक्त ‘असं का?’ विचारलं की उत्तर मुद्द्यांत येतं, पेपरात लिहिण्याइतकंच.

‘द इकॉनॉमी’ सुरू होतं ते चौदाव्या शतकातल्या बंगालबद्दल इब्न बतूताने काय लिहिलं तिथून. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा एकमेकींना छेदतात ती प्रसिद्ध फुली थेट आठव्या प्रकरणात भेटते. घाई असलेल्याला हे खटकेल. मला हाच क्रम पटला, कारण तोवर किंमत कोण ठरवतं आणि कोणाच्या हातात किती जोर आहे, हे प्रश्न आपणच विचारायला लागलेलो असतो.

चौथ्या प्रकरणात अनिल आणि बाला हे दोन शेतकरी आहेत. मित्रकीटक सोडून कीड आवरायची की ‘टर्मिनेटर’ नावाचं स्वस्त विष फवारायचं, हे दोघांना ठरवायचंय. दोघांनी मित्रकीटक सोडले तर प्रत्येकाचा फायदा ३, दोघांनी विष फवारलं तर २. पण एकट्यानेच फवारलं तर त्याला ४ आणि दुसऱ्याला १. दुसऱ्याने काहीही केलं तरी आपला फायदा फवारण्यातच जास्त, म्हणून दोघंही फवारतात! कैद्यांचा पेच (प्रत्येकाने स्वतःपुरतं बघितलं की दोघांचंही नुकसान होतं, ती गोष्ट) कैद्यांऐवजी शेजारच्या दोन वावरांत मांडला की तो विसरणं कठीण जातं.

पाचवं प्रकरण तर दोनदा वाचलं. अँजेला शेत कसते, ब्रुनो आधी बळजबरीने पीक नेतो. मग कायदा येतो, तिला नाही म्हणता येतं. पुढे मताचा अधिकार येतो आणि वाटणी पुन्हा बदलते. जमीन तीच, राबणारीही तीच. त्याच प्रकरणात पश्चिम बंगालचं १९७८चं ऑपरेशन बर्गा ही जमीन सुधारणा आहे, जिच्यात वाटेकऱ्याचा हिस्सा अर्ध्यावरून पाऊणपर्यंत जाऊ शकला. आमच्याकडे १९४८चा कूळकायदा हा विषय फक्त भाऊबंदकीच्या भांडणात निघतो. तो सौदाशक्तीचा, म्हणजे वाटाघाटीत कोणाचा किती जोर चालतो याचा कायदा आहे हे इथे उमगलं.

आलेख टप्प्याटप्प्याने उलगडतात, पण नुसतं क्लिक करत गेलं तर काहीच राहत नाही. वही घेऊन प्रत्येक आलेख हाताने काढा. कॅल्क्युलस ‘लायबनिझ’ नावाच्या वेगळ्या भागांत आहे. सायन्सवाल्यांनी ते टाळू नये, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही.

उणीव म्हणजे बाजार समिती, आडत, हमीभाव असलं आपलं काही त्यात शोधू नका. ते आपणच जोडायचं. मी कांदा घेतला. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली, माल देशातच अडला, भाव पडला. इतपत आलेख कोणीही काढेल. पण डिसेंबरातला लाल कांदा टिकत नाही, शेतकऱ्याला तो मिळेल त्या भावात विकावाच लागतो, म्हणजे भाव काहीही असला तरी माल तेवढाच येतो आणि पुरवठ्याची रेषा जवळजवळ उभी. उन्हाळ कांदा कांदाचाळीत काही महिने थांबू शकतो, तिथे तीच रेषा थोडी कलते. लवचिकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किंवा मागणी किती हलते, ही मला कळली ती या दोन आलेखांमुळे.

कॉलेजात समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषा) आले तेव्हा नवं काही वाटलं नाही. पेपरात व्याख्या लिहायला मात्र बालभारतीच कामी आलं. तेराव्या प्रकरणापासूनचं स्थूल अर्थशास्त्र, म्हणजे बेरोजगारी, महागाई, व्याजदर, अजून अर्धवट आहे. तो भाग जड आहे आणि एकट्याने वाचण्यापेक्षा वर्गात शिकवताना सोबत ठेवावा, असं माझं मत झालंय.