कोलोन की बार्सिलोना?

आर्किटेक्चर शिकणारी भाची विचारतेय, सहलीत एकच चर्च जमेल, कुठलं बघू?

आराखड्यांचं म्हणशील तर जर्मनीतलं कोलोनचं कॅथेड्रल. काम 1248 ला सुरू झालं, सोळाव्या शतकात रखडलं. दर्शनी भागाचं चार मीटरहून उंच चर्मपत्री रेखाटन हरवलं होतं. अर्धं 1814 मध्ये डार्मश्टाटला, उरलेलं पॅरिसला सापडलं. त्याबरहुकूम 1880 ला चर्च पुरं झालं!

बार्सिलोनातल्या साग्रादा फामिलिया चर्चचं उलट. 1936 मध्ये त्याचा वास्तुकार गाउदी याची कार्यशाळा जळली, प्लास्टरच्या प्रतिकृती फुटल्या. तुकडे जुळवून पुढचं बांधकाम झालं.

दमछाक? कोलोनला मनोरा चढायला 533 पायऱ्या, लिफ्ट नाही. बार्सिलोनात मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं, पण तिकीट महाग, तेही आधीच काढावं लागतं.

हाताने रेखाटणाऱ्यांनी कोलोन गाठावं. मॉडेल बनवणाऱ्यांनी, किंवा चढताना दम लागत असेल तर, बार्सिलोना.