लहान मुलांचा हॅलोवीन: दारोदार फिरावं की घरीच थांबावं?

मूल दोन-तीन वर्षांचं झालं की न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या घरांमध्ये ऑक्टोबरात एक प्रश्न निघतोच. ३१ तारखेच्या संध्याकाळी मुलाला नटवून कॅन्डी मागायला बाहेर पडायचं, की पोर्चमधला दिवा लावून आपल्याच दाराशी थांबायचं आणि येणाऱ्या मुलांना द्यायची? ओळखीतल्या तीन-चार जोडप्यांनी यंदा हेच विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आम्ही दोन वर्षं फिरलो, एकदा पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्यांतून कॅन्डी वाटतात तो ‘ट्रंक ऑर ट्रीट’ करून पाहिला आणि मागची दोन वर्षं घरी थांबलो. मुलगी आता सहाची आहे, धाकटा तीनचा होईल. तुमची गल्ली वेगळी, तुमचं मूल वेगळं, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या.

आधी फिरण्याबद्दल, कारण ती बाजू खरंच वजनदार आहे. वर्षभर ज्यांना आपण गाडीतून नुसता हात करतो, त्यांच्या दारात त्या संध्याकाळी आपण उभे असतो. २०२१ साली आम्ही या घरात नवे होतो. मुलगी स्ट्रोलरमध्ये बसलेली, तिला कॅन्डीशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्या एका फेरीत मला अर्ध्या गल्लीची नावं कळली. दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही लहानपणी घरोघर जायचो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचो, हातावर काहीतरी गोड पडायचं. तसंच वाटलं. पुढे फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला तेव्हा ज्यांनी स्वतःचं बर्फ काढायचं यंत्र आणून आमचा ड्राइव्हवे मोकळा करून दिला, ते या फेरीतच ओळखीचे झालेले आजोबा. घर नवं असेल, शेजार जोडायचा असेल, तर पहिलं वर्ष तरी जरूर फिरा.

वेळेचं गणित मात्र लहान मुलांच्या बाजूचं नाही. आमच्याकडे ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या आतच मावळतो. पूर्वी घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जायची, म्हणजे अंधार आणखी तासभर आधी पडायचा. २००७ पासून ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात, म्हणून एवढा तरी उजेड पदरात पडतो. साडेचार ते पावणेसहा ही चिमुकल्यांची वेळ. त्यानंतर मोठी मुलं निघतात, मुखवटे भेसूर होत जातात, आणि काळे कपडे घातलेली पोरं रस्ता ओलांडताना गाडीवाल्याला दिसत नाहीत. ऑफिसातून पाचला सुटणाऱ्या बापाला त्या सव्वा तासातला किती मिळतो, ते तुम्हीच मोजा.

आमचं फिरणं थांबलं ते एका चेनमुळे.

२०२२ साल. मुलगी तीन वर्षांची, डायपर सुटून चार महिने झालेले. बायकोला आठवा महिना, म्हणून ती दाराशी कॅन्डी घेऊन बसली आणि मी मुलीला घेऊन निघालो. पोशाख मधमाशीचा होता. पोटाला कापूस भरलेला, काळे-पिवळे पट्टे, डोक्याला टोपडं आणि त्यावर दोन डुलणारे तुरे. सगळं एकसंध, आणि चेन पाठीमागे, मानेपासून पार खालपर्यंत. त्या चेनवरून पंखांची पट्टी चिकटवायची. गारठा होता म्हणून आत स्वेटर आणि जाड लेगिंग. निघताना शू करून घेतली होती. सातव्या घराच्या पायऱ्या चढता चढता ती थांबली आणि गुडघे जुळवून उभी राहिली. ते उभं राहणं आईबापाला लांबूनही कळतं. मी तिला उचलून कडेला आणलं, पंख उपटले, चेन ओढली. ती निम्म्यावर आली आणि स्वेटरच्या लोकरीत अडकली. मोबाइलचा दिवा लावून फोन हनुवटीखाली धरला, एका हाताने लोकर दाबली, दुसऱ्या हाताने चेन मागे-पुढे करत राहिलो. बाजूने मुलं जात होती, त्यांत तिच्या डेकेअरमधली दोघं होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली. चेन सुटली तोवर उशीर झाला होता.

ती रडली नाही. तिने हातातली भोपळ्याची बादली पुढे धरली आणि घर येईपर्यंत ती तशीच धरून चालली. मी उचलायला वाकलो तर म्हणाली, “नको बाबा, ओलं आहे.” नंतर कितीतरी दिवस मधमाशीचं चित्र दिसलं की ती पान उलटायची.

पोशाख दोन तुकड्यांचा घेतला असता तर हे घडलं नसतं, असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबर आहे. फिरणारच असाल तर सदरा वेगळा, पँट वेगळी, चेन पुढे, आणि दुकानातून आणल्यावर एकदा घरी पूर्ण घालून, पूर्ण काढून बघा. पण तेव्हापासून मला दिसतं ते असं: तीन वर्षांच्या मुलाला दर दहा मिनिटांनी काहीतरी लागतं. पाणी, शू, जाकीट, कडेवर घेणं, नुसतं टेकायला पायरी. बाहेर पडलं की यातली प्रत्येक गोष्ट घराइतकी लांब असते, आणि घर दर पावलागणिक मागे पडत जातं. जाताना मूल उत्साहात धावतं. येताना तेच मूल, बादली, पंख आणि टोपडं असं सगळं आपल्याला आणावं लागतं.

शिवाय जवळ गेलं की किंचाळणारे, डोळे लाल करणारे सांगाडे अंगणात उभे असतात. काही मुलांना त्यांत मजा वाटते. आमची थिजायची.

पार्किंगमधल्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रंक ऑर ट्रीट म्हणजे शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावतात, डिक्या उघडून सजवतात आणि मुलं गाडी-गाडीवरून कॅन्डी घेत जातात. बहुतेक वेळा आदल्या शनिवार-रविवारी, दिवसाउजेडी. रहदारी नाही, चालणं कमी. २०२३ साली आम्ही गेलो. वीस मिनिटांत बादली भरली, वीस मिनिटांत संपलं. वाईट काहीच नाही, पण मुलीला नंतर त्यातलं फारसं आठवेना. अपार्टमेंटमध्ये राहत असाल किंवा घरं फार लांब-लांब असतील तर हा पर्याय चांगला आहे.

आता घरचं. पोर्चचा दिवा चालू म्हणजे ‘या’, बंद म्हणजे ‘इथे नको’, हा इथला अलिखित नियम. साडेचारला तो लावायचा आणि मूल थकलं की बंद करायचा. मला हे फार मोलाचं वाटतं. संध्याकाळ कधी संपवायची ते आपल्या हातात राहतं.

घरच्या हॅलोवीनची खरी मजा मात्र दोन दिवस आधी, भोपळ्यापासून सुरू होते. कोरायचा भोपळा मोठा, पाणचट आणि दोरेदार असतो. त्याचे घारगे करायला जाऊ नका. त्यासाठी दुकानात त्याच ढिगाशेजारी छोटे, गोडसर ‘पाय पम्पकिन’ मिळतात, ते आणा. एक कोरायला आणि एक घारग्यांना, असे दोन भोपळे आमच्याकडे आता ठरलेले. सुरी मी धरतो. चेहरा मुलगी मार्करने काढते. देठाची चकती कापून उचलली की आतून काकडीसारखा थंड वास येतो. पहिल्यांदा कोरला तेव्हा मुलीने आत डोकावून विचारलं होतं, “म्हातारी कुठे आहे?” तिला गोष्टीतला एकच भोपळा ठाऊक होता. धाकट्याचं काम बिया काढण्याचं. कोपरापर्यंत हात घालून तो त्या बुळबुळीत गराशी अर्धा तास रमतो. बिया धुऊन, पुसून, तेल-मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजायच्या. त्या आम्ही मोठी माणसंच खातो. भोपळा २९ तारखेच्या आधी कोरू नका, चार-पाच दिवसांत तो आतून बुरशी धरतो. आणि आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. पऱ्यांचे झगे आणि जादूगारांचे डगले दाराशी लोळत असतात.

आयर्लंडमध्ये पूर्वी यासाठी सलगम कोरायचे. तिथली माणसं अमेरिकेत आली आणि त्यांना हे मोठं, कोरायला सोपं फळ सापडलं. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं, कारण भुतांच्या सणाबद्दल तिच्या मनात अढी होती. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, २ तारीख मृतांच्या स्मरणाची, आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची आदली संध्याकाळ. आपल्या वसईची ख्रिस्ती मंडळी २ तारखेला कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, हे तिला माहीत होतं. “म्हणजे पितरांचेच दिवस की,” म्हणाली, आणि विषय मिटला.

२०२४ साली ती आमच्याकडे होती, आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नेमकी नरक चतुर्दशी. सकाळी मुलांना उटणं लावून अभ्यंगस्नान, फराळाचं ताट. संध्याकाळी एक भोपळा आणि दोन पणत्या शेजारी-शेजारी. पणत्या मात्र आईच्या आग्रहाने तेलाच्याच होत्या, म्हणून त्या उंच कठड्यावर ठेवल्या. दाराशी खुर्ची टाकून आई बसली, मांडीवर कॅन्डीची परात. इंग्रजी तिला बेताचं येतं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती “ये बाळा” म्हणायची आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत घालायची, वाण द्यावं तसं. माझी पाच वर्षांची मुलगी शेजारी उभी राहून कोण काय झालंय ते आजीला मराठीत सांगत होती. हा वाघ, ही राजकन्या, हा बहुतेक फ्रिज. धाकटा, दोन वर्षांचाही नव्हता, लाडवांच्या डब्याजवळ बसून येणाऱ्या प्रत्येकाला टाळ्या वाजवत होता. मध्येच आई म्हणाली, “अरे, हे तर उलटं बोरन्हाण झालं. तिथे आपल्या बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि बाकीची पोरं वेचतात.” हलव्याच्या दागिन्यांत बसलेला माझा फोटो तिने त्या रात्री मुलांना फोनवर दाखवला.

घरी राहण्यात आणखी एक गोष्ट पदरात पडते, ती कॅन्डीची. चार वर्षांच्या आतल्या मुलांना कडक गोळ्या, अख्खे दाणे, पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतं, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. दारोदार फिरलं की बादलीत हे सगळं एकत्र येतं, आणि मुलाच्या दृष्टीने ते त्याच्या कमाईचं असतं. मग घरी आल्यावर एकेक काढून घ्यायचं आणि रडारड ऐकायची. परात आपली असली की तिच्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. खाण्याच्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी दारात निळसर हिरवा भोपळा ठेवायची पद्धत आता रुळली आहे; फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने ती २०१४ मध्ये देशभर नेली. तो भोपळा दिसला की इथे खाऊशिवाय दुसरं काहीतरी मिळेल असं समजायचं. आम्ही एक छोटा रंगवून ठेवतो आणि वेगळ्या टोपलीत स्टिकर, पेन्सिली, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या. एका आईने त्या टोपलीकडे बघून माझा हात हातात घेतला होता. तिच्या मुलाला त्या गल्लीत पहिल्यांदाच काहीतरी घेता आलं होतं.

बेल वाजत नाही तेव्हा काय करायचं, यासाठी आम्ही भोंडल्याची खिरापत घेतली आहे. डब्यात काहीतरी ठेवायचं, वर फडकं, हात घालून ओळखायचं. सोललेली द्राक्षं म्हणजे भुताचे डोळे, भिजवलेल्या शेवया म्हणजे आतडी. द्राक्षं लहानांच्या तोंडात जाऊ देऊ नका, तेवढं सांभाळा.

उणीव आहे, ती लपवत नाही. घरी राहिलेल्या मुलाला ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणून अनोळखी दार उघडायला लावण्याचा थरार मिळत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बाकीची मुलं आपापल्या ढिगाचं सांगतात तेव्हा आपलं मूल थोडं गप्प असतं. शिवाय कुणीतरी सतत दाराशी लागतं. साडेसहानंतर धाकट्याचं जेवण आणि बेल एकाच वेळी येतात. म्हणून आमच्याकडे चारलाच मुलांना पोटभर वरणभात, मग पोशाख. आणि रस्त्यावर मुलंच येत नसतील, तर रिकाम्या दाराशी बसवून मुलाचा हिरमोड करू नका, सरळ ट्रंक ऑर ट्रीट गाठा.

माझ्या मते मूल साधारण पाच वर्षांचं होईपर्यंत घर, त्यानंतर त्यालाच विचारावं. मुलीला यंदा विचारलं. मैत्रिणीबरोबर दहा घरं जायचं म्हणाली, म्हणून मी बरोबर जाणार. बायको आणि धाकटा परात घेऊन दाराशी. मुलीने वटवाघूळ व्हायचं ठरवलं आहे: काळी पँट, काळा सदरा, बाह्यांना शिवलेले पंख. दुकानात तिने पोशाख आधी उलटा करून पाठ तपासली आणि मग माझ्या हातात दिला.