पिकअपला एअर शॉक: आडगाव नाक्यापुढील गॅरेजचे काम आणि एका हंगामाचा अनुभव

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षे कसारा घाटाने वाशीच्या बाजारात नेणाऱ्या आमच्या पिकअपला मागच्या बाजूस एअर शॉक बसवून घेतले, त्यानंतर द्राक्षांचा एक पूर्ण हंगाम पार पडला आहे. हे काम आडगाव नाक्याच्या पुढे असलेल्या एका छोट्या गॅरेजमध्ये झाले. वस्तू आणि काम या दोन्हींविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण एअर शॉक बसवले की गाडीत जास्त माल भरता येतो असे समजणारे अनेक गाडीमालक मला भेटले आहेत आणि ही समजूत घाटात जिवावर बेतू शकते.

एअर शॉकमध्ये नेहमीच्या तेलाच्या शॉक अॅब्झॉर्बरभोवती एक मजबूत रबरी पिशवी बसवलेली असते. तिच्यात नळीने हवा भरली की शॉक लांबतो आणि वजनाने बसलेली गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. गाडी मागे बसलेली असली की पुढच्या चाकांवरचा भार घटून स्टिअरिंग हलके पडते, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो आणि प्रत्येक खड्ड्यात एक्सल (मागची चाके जोडणारा आस) रबरी स्टॉपरवर आदळतो. द्राक्षांना सर्वांत घातक हे आदळणेच, कारण त्या दणक्यांनी घडांचे मणी सुटतात आणि बाजारात पेटी उघडताच भाव पडतो. यावर आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे पाटा वाढवणे, म्हणजेच मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पोलादी पट्टी टाकणे. परंतु वाढवलेला पाटा रिकाम्या फेरीतही तितकाच कडक राहतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडी उडते आणि चालकाची कंबर धरते. एअर शॉकमध्ये हवा भारानुसार कमी-अधिक करता येते, हा त्याचा खरा फायदा आहे.

मात्र गाडीची भारक्षमता त्याने वाढत नाही. शॉकचे बोल्ट आणि ब्रॅकेट हे मुळात झटके शोषण्यापुरते बनवलेले असतात. हवा भरल्यावर मालाच्या वजनाचा काही हिस्सा त्यांच्यावर येतो, आणि मर्यादेबाहेर माल भरला तर ब्रॅकेटचे वेल्ड चिरते. आरसी बुकातील वजनाची मर्यादाही आहे तीच राहते. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. ज्यांना मर्यादेतील भारही नेहमीच जड जातो, त्यांनी एक्सल आणि चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मध्ये बसणाऱ्या एअर स्प्रिंगचा विचार करावा. त्या महाग असल्या तरी वजन योग्य जागी पेलतात.

गॅरेजच्या कामाविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. मिस्त्रींनी जुने शॉक काढण्याआधीच ब्रॅकेटवर तारेचा ब्रश मारून वेल्डला चीर नाही याची खात्री केली, आणि फुगलेली पिशवी टायरला, चासीला किंवा ब्रेकच्या पाइपला घासणार नाही एवढी जागा आहे का, ते मोजून पाहिले. दोन्ही शॉकना त्यांनी स्वतंत्र नळ्या दिल्या. अनेक ठिकाणी टी-जोड लावून दोन्ही बाजू एकाच नळीवर घेतात. ते काम स्वस्त पडते, पण वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला सरकते आणि गाडी अधिक झुकते. कसाऱ्यासारख्या वळणांच्या घाटात हा फरक लहान नाही. नळ्या सायलेन्सरपासून दूर नेऊन एक्सलच्या हालचालीपुरती ढील ठेवली होती, प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला होता, आणि खालचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण कसले, जेणेकरून रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकू नये.

या सर्वांहून मला महत्त्वाची वाटली ती ब्रेकची काळजी. आमच्या पिकअपला मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे. चासी आणि एक्सल यांतील अंतरावरून तो भार ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. हवेने चासी वर उचलली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात आणि घाट उतरताना सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येऊन ते तापतात. मिस्त्रींनी व्हॉल्व्हच्या दांडीला अंदाजाने हात लावण्यास स्पष्ट नकार दिला. भरलेली गाडी रिकाम्या गाडीच्या उंचीपर्यंत न उचलता तिच्याहून खालीच राहील इतका हवेचा दाब त्यांनी ठरवून दिला आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब मोजून घेण्यास सांगितले. एवढे सांगणारा माणूस मला यापूर्वी भेटला नव्हता.

आमच्या जोडीवर किमान 20 आणि कमाल 150 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब छापलेला आहे. किमान दाब रिकाम्या गाडीतही ठेवावाच लागतो, अन्यथा पिशवीला घडी पडून ती चिमटते. भरलेल्या गाडीला आम्ही 70 च्या आसपास ठेवतो. पिशवीतील हवा इतकी थोडी असते की गेज लावून दाब पाहतानाही तो काहीसा उतरतो, म्हणून वारंवार मोजू नये. सायकलचा चांगला पंप पुरतो आणि पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर वापरताना फार जपावे लागते. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत, दुपारी भरलेला दाब पहाटे पाच-सहा पीएसआयने कमी दिसतो. ती गळती नसते.

हवेचा दाब वाढवला की गाडी कडक होते, त्यामुळे मऊ चालीची अपेक्षा धरून कोणी हा खर्च करू नये. साध्या जोडीच्या तिप्पटीहून अधिक पैसे गेले, तरी स्टॉपरवरचे आदळणे जवळजवळ थांबल्याने मला ते योग्य वाटतात. उणीव एकच होती: हवा भरण्याचे व्हॉल्व्ह चाकामागे बसवल्याने त्यांवर चिखल साचत असे. सांगताच गॅरेजने ते नंबर प्लेटजवळ हलवून दिले, वेगळी मजुरी घेतली नाही आणि त्याच वेळी सगळे बोल्ट पुन्हा कसून दिले.